देवभेट आणि जीवनपालट : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील एक प्रश्न

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे मुकुंदराजांची समाधी आहे, आणि त्या समाधीबरोबर एक आख्यायिकाही नांदत आहे. जैत्रपाळ नावाच्या राजाला ब्रह्मदर्शनाची ओढ लागली. ती ओढ खरी होती; पण तीत राजाचा उतावीळपणाही होता. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवल्यापासून मांड घेईपर्यंतच्या अवधीत जो ब्रह्म दाखवील तोच खरा साधू, असे त्याने जाहीर केले आणि ज्यांना ते साधले नाही त्यांना वेठीस धरले. शेवटी मुकुंदराज आले. त्यांनी राजाची इच्छा पुरी केली, वेठीस धरलेले साधू सुटले, आणि राजा शिष्य झाला. 'विवेकसिंधू'चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हा सर्वमान्य नाही; जैत्रपाळ कोण याविषयीही अभ्यासकांत एकवाक्यता नाही. येथे आख्यायिकेचा उपयोग इतिहासासाठी नाही. देव प्रत्यक्ष भेटतो का, आणि भेटला तर भेटीनंतर माणूस तोच राहतो का, हा प्रश्न या भूमीत किती जुना आहे आणि किती रोकठोक रीतीने विचारला गेला आहे, एवढेच तीवरून ध्यानात यावे.

त्याच गावी दासोपंतांची (१५५१-१६१५) समाधी आहे. त्यांच्या चरित्रातील निर्णायक प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. दासोपंतांचे वडील दिगंबरपंत हे बिदरच्या सत्तेखालील वसुली अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्य उपाशी लोकांना वाटले. ती रक्कम भरून येईपर्यंत मुलगा ओलीस ठेवण्यात आला, आणि मुदतीत भरणा न झाल्यास त्याने स्वधर्म गमवावा असे ठरले. मुदत संपत आली असता एका पाडेवाराच्या वेशात श्रीदत्तात्रेय आले आणि त्यांनी रक्कम भरली, असे चरित्रकार सांगतो. सुटका झालेला तरुण घरी रमला नाही. तो माहूरला गेला, आणि पुढे अंबाजोगाईस स्थिरावून त्याने 'गीतार्णवा'सारखा सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली 'पासोडी' मागे ठेवली. जैत्रपाळाने देव मागितला होता. दासोपंतांकडे देव न मागता आला, तोही त्यांचे देणे फेडण्यासाठी.

ख्रिस्ती अनुभवाच्या विवेचनात या दोन कथा प्रास्ताविक म्हणून घेण्याचे कारण आहे. मराठी ख्रिस्ती समाजाने देवभेटीविषयी बोलण्यासाठी जी भाषा वापरली ती त्याला बाहेरून आयती मिळालेली नव्हती. 'भेट', 'दर्शन', 'अनुभव', 'शरण जाणे', 'दास', 'मुक्ती' हे सर्व शब्द संतांच्या पेठेतले. मराठी बायबलात येशूने बहुतांसाठी आपला प्राण दिला हे सांगताना 'खंडणी' हा शब्द योजिला आहे. बिदरच्या दरबारात खंडणीपायी अडकलेल्या मुलाची कथा ज्याच्या कानावर आहे त्या वाचकाला तो शब्द परका वाटण्याचे कारण नाही. दासोपंतांच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी केले, ही गोष्ट या संदर्भात केवळ योगायोगाची नव्हे. एका ठिकाणी मात्र भाषेने अडवणूक केली. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो की माणसाने नव्याने जन्मले पाहिजे. मूळ ग्रीक 'अनोथेन' या पदाचा अर्थ 'पुन्हा' असाही होतो आणि 'वरून' असाही. मराठीत 'पुनर्जन्म' हा सरळ प्रतिशब्द समोर उभा होता, पण तो कर्मसिद्धांताने आधीच व्यापलेला. म्हणून 'नवा जन्म' ही जोडणी रूढ झाली. उपनयनाने 'द्विज' झालेल्यांनाही पुन्हा जन्मावयास सांगणारा हा धर्म आहे, हे त्यातील मर्म पहिल्या पिढीतील ब्राह्मण धर्मांतरितांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसेल.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. ख्रिस्ती होणे आणि ख्रिस्ताची भेट होणे या एकच गोष्टी आहेत काय? बाह्य निरीक्षकाला बाप्तिस्मा दिसतो, त्याची तारीख नोंदली जाते, गावात खळबळ उडते. यास्तव इतिहासकाराची दृष्टीही तेथेच खिळते. परंतु मराठी ख्रिस्ती आत्मकथने बारकाईने वाचली असता जीवनातील खरा पालट त्या तारखेवर पडतोच असे नाही. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचे 'अरुणोदय' (१८८८) हे मराठीतील या जातीचे आद्य आत्मचरित्र. १८५४ मध्ये बेळगावी बाप्तिस्मा घेईपर्यंतचा त्यांचा प्रवास हा ग्रंथवाचनाचा, वादाचा आणि मनातील भीतीशी झगडण्याचा दीर्घ प्रवास आहे. तेथे बुद्धीचा कौल आणि बाप्तिस्मा हे जवळजवळ एकाच रेषेवर येतात. या दोहोंत स्पष्ट अंतर पडलेले पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंकडेच (१८५८-१९२२) गेले पाहिजे. त्यांच्या आयुष्यात ही दोन टोके आठ वर्षांच्या अंतराने उभी आहेत, आणि ते अंतर त्यांनी स्वतःच दाखवून ठेवले आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे हे कुटुंब १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नान्न होऊन मोडले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. उरलेली बहीणभाऊ पायी भारत तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथे रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. गंमत अशी की विद्वत्तेचा हा गौरव आणि श्रद्धेची पडझड एकाच सुमारास घडली. धर्मशास्त्रे वाचीत गेल्यावर त्यांना असे आढळले की परस्परांशी एरवी न जुळणारे ग्रंथ एका बाबतीत मात्र एकमताचे आहेत, आणि ती बाब म्हणजे स्त्रीजातीची हीनता. ज्या मोक्षासाठी आईवडिलांनी देह झिजविला त्याचे दार स्त्रीला स्त्री म्हणून उघडे नाही, हा तो निष्कर्ष होता. पुढे १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. पतीच्या घरी सिल्चर येथे लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. पुण्यास आल्यावर आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीती', आणि नेहेम्या गोऱ्हे यांचा परिचय ही सर्व मंडळी एकामागून एक येतात. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडमधील एक प्रसंग त्यांच्या साक्षीत ठळकपणे आला आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनीसंघाने पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम त्यांनी पाहिले. ज्यांचा स्पर्शही समाज टाळतो त्यांच्याशी कोणी इतक्या ममतेने का वागावे, असा प्रश्न त्यांनी केला. तेव्हा उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरील भेट वाचून दाखविण्यात आली. पाणवठा, परजातीची स्त्री, तिच्या हातचे पाणी मागणारा गुरू : महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला या कथेवर वेगळे भाष्य लागत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची कथा सर्वपरिचित आहे आणि तिचा अर्थही आधुनिक अभ्यासकांनी समर्थपणे लावला आहे. उमा चक्रवर्ती यांनी रमाबाईंना ब्राह्मणी पितृसत्तेच्या चौकटीत उभे करून पाहिले. मीरा कोसंबी यांनी त्यांचे लेखन संपादून त्यांच्या स्त्रीवादी भूमिकेचा माग घेतला. गौरी विश्वनाथन यांनी तर धर्मांतर हाच असंमतीचा एक प्रकार मानून राज्य, समाज आणि चर्च या तिन्हींना रमाबाईंनी दिलेला नकार उलगडून दाखविला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर या शेवटच्या मताला बळकटी येते. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, मुलगी मनोरमा हिचे शिक्षण, प्रत्येक बाबतीत ही नवदीक्षित स्त्री आपल्या गुरुभगिनींशी हुज्जत घालते. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास ती तयार नव्हती.

तथापि ही उपपत्ती १८८३ चा उलगडा करते. १८९१ चा करीत नाही. त्या वर्षी रमाबाई ख्रिस्ती होत्याच. 'शारदा सदन' ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यास आले होते. अमेरिकेतील साहाय्यक मंडळ दरसाल पैसा पाठवीत होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार पाठीशी होते. समाजाच्या दृष्टीने त्यांचे स्थान निश्चित झाले होते, आणि धर्म बदलण्याचा प्रश्नच उरला नव्हता. अशा वेळी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. या हॅस्लमची गोष्ट चमत्कारिक आहे. कॉर्नवॉल परगण्यातील बाल्डू येथे हा गृहस्थ रीतसर दीक्षा झालेला पाळक म्हणून काम करीत होता. १८५१ मध्ये एका रविवारी व्यासपीठावरून स्वतःचेच प्रवचन देत असता त्याला प्रथम श्रद्धेचा अनुभव आला, आणि ते श्रोत्यांच्या त्याच्याआधी लक्षात आले. रमाबाईंनी त्याच्या आरशात आपले तोंड पाहिले. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्या सांगतात त्याचा आशय असा की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता आणि तो पसंतही होता. परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. वाँटेजच्या परंपरेने बाप्तिस्म्यातच नवा जन्म घडतो असे शिकविले होते. तो संस्कार झाला असूनही आत काही बदलले नाही, ही बोचणी त्यांच्याजवळ होती. तारण ही मरणोत्तर मिळावयाची वस्तू नसून ते येथेच, याच देही अनुभवता येते, हे त्या वाचनाने त्यांच्या मनात उतरले.

विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या आपल्या व्याख्यानांत 'एकदा जन्मलेले' आणि 'दोनदा जन्मलेले' असा जो भेद केला त्यातील दुसऱ्या वर्गाचे हे निर्मळ उदाहरण म्हणता येईल. पण जेम्स यांनीच, आणि त्यांच्याही दीडशे वर्षे आधी जोनाथन एडवर्ड्झ यांनी, एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवली आहे : अनुभवाच्या उत्कटतेवरून त्याच्या खरेपणाची पारख होत नाही, ती त्याच्या फळांवरून करावी. रमाबाईंच्या बाबतीत ही फळे कोणती?

पहिले फळ कडू आहे, आणि ते दृष्टीआड करून चालणार नाही. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, या अटीवर समाजाने आपल्या विधवा मुली तेथे धाडल्या होत्या. रमाबाईंनी ती अट शब्दशः पाळली. परंतु त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, आणि ज्या मुलींना येऊन बसावेसे वाटे त्या बसत. १८९१ पूर्वी ही प्रार्थना बहुधा फारशी कोणाच्या नजरेत भरली नसती; त्यानंतर ती भरू लागली. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. एकीकडे असे म्हणता येते की दार बंद करून स्वतःची श्रद्धा लपविणे रमाबाईंना आता शक्य नव्हते. दुसरीकडे, ज्या मुलींना परत न्यावे लागले त्यांच्यापुढे कोणते आयुष्य वाढून ठेवले होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. सुधारकांचा आणि रमाबाईंचा हा दुरावा महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील एक मोठी हानी होय. तिचा सारा दोष सनातन्यांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

त्यानंतरची फळे निराळ्या प्रकारची आहेत. १८९५ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनामेळाव्यास रमाबाई गेल्या तेव्हा सदनातील पंधरा मुली श्रद्धा धरून त्यांच्याबरोबर होत्या. त्या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली. संस्कृत पंडितेने देवाजवळ गणिताच्या भाषेत मागणे मागावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. लवकरच १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या, दलालांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या मुली व स्त्रिया शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधामुळे त्यांना ठेवण्याची सोय होईना. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे आधीच घेतलेल्या जमिनीवर त्यांची वस्ती झाली. तेच पुढे 'मुक्ती सदन' झाले, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजाराच्या वर गेली.

या कार्याचे सर्व श्रेय १८९१ च्या अनुभवाला देणे हे मात्र भाबडेपणाचे होईल. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना बालपणीच ठाऊक झाले होते. दुष्काळी मुलींच्या डोळ्यांत त्यांना स्वतःचे सोळावे वर्ष दिसत होते, आणि त्यांनी ते लपविलेले नाही. अनुभवाने करुणा निर्माण केली असे नव्हे. पालटली ती करुणेची मर्यादा. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या ग्रंथाच्या नावातच ती मर्यादा आहे. केडगावात आलेल्या मुलींना जात विचारली गेली नाही. पंक्ती एक, विहीर एक, काम एक. दुसरा पालट पैशाच्या बाबतीत झाला. अमेरिकन मंडळाने दहा वर्षांचे अभिवचन दिले होते ते १८९८ मध्ये संपले. त्यापुढे जॉर्ज म्युलर यांच्या धर्तीवर, ठरावीक वर्गणीचा आधार न ठेवता, प्रार्थनेवर आणि मुलींच्या श्रमावर संस्था चालविण्याचा मार्ग रमाबाईंनी पत्करला. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना यांत मुली स्वतः राबत. जिचे वडील पुराणे सांगून दक्षिणेवर जगले त्या स्त्रीने हजारो तोंडांचा प्रपंच असा चालवावा, यात काहींना वेडे धाडस दिसले. दिसणे साहजिक होते.

१९०५ मध्ये मुक्ती सदनात जे घडले त्याकडे धर्मेतिहासाचे अभ्यासक आज विशेष लक्ष देतात. त्या वर्षाच्या आरंभापासून मुलींचे गट रोज प्रार्थनेस जमू लागले होते; ऑस्ट्रेलिया व वेल्स येथील धर्मजागृतीच्या वार्ता येऊन पोचल्या होत्या. जूनअखेर मुलींमध्ये पापस्वीकार, रडणे, रात्ररात्र प्रार्थना, अंगात दाह झाल्याची भावना आणि त्यानंतर विलक्षण आनंद अशी लाट उसळली. मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या सहकारी महिलेने त्यावर लिहिलेली पुस्तिका दूर चिलीपर्यंत पोचली आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीस कारण झाली. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती एप्रिल १९०६ मधील, म्हणजे केडगावच्या नंतरची. या चळवळीचा उगम केवळ अमेरिकेत शोधणे बरोबर नाही, असा युक्तिवाद अ‍ॅलन अँडरसन यांच्यासारख्या इतिहासकारांनी केला आहे. लाट ओसरल्यावर काय उरले, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ विचारतील आणि त्यांनी विचारावाच. तेथे उरले ते असे : मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या, आणि बायबलाच्या भाषांतराचे काम रमाबाईंनी मरेपर्यंत सोडले नाही. हिब्रू व ग्रीक शिकून, कानांनी ऐकू येईनासे झाले असता, एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेल्यानंतरही, त्यांनी ते १९२२ च्या एप्रिलमध्ये आपल्या मृत्यूपूर्वी पुरे केले. खिळे जुळविणाऱ्या हात मुक्ती सदनातील मुलींचेच होते. ज्या भाषेने आपल्याला 'सरस्वती' केले तिचा डौल बाजूस ठेवून, अल्पशिक्षित स्त्रीला कळावी अशी सोपी मराठी त्यांनी त्यासाठी निवडली. विद्वत्तेचा असा त्याग बाप्तिस्म्याने होत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या जीवनातही हे दोन टप्पे आहेत, पण त्यांचा क्रम आणि रंग वेगळा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. संसार मोडला, पत्नी माहेरच्या माणसांत राहिली. बावीस वर्षांनंतर, १९१७ मध्ये, मिशनच्या वेतनाचा त्याग करून टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ख्रिस्तभेटीच्या दाट अनुभवाने त्यांना चर्चच्या अधिक आत नेले नाही, उलट त्याच्या उंबऱ्याबाहेर आणून बसविले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८-१९३६) कहाणी या सर्वांत अधिक मोलाची ठरते, कारण तीत कोणतेही दर्शन नाही आणि कसलीही लाट नाही. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी सांगितले आहे की पतीकडे परत आल्यावरही त्यांचे सोवळेओवळे चालूच होते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग एकदा त्या एकट्याच विचार करीत बसल्या. जात देवाने केली असती तर माणसांत तिची काही खूण नसती का, असा सरळ प्रश्न त्यांनी स्वतःला घातला, उत्तर मिळाले, आणि त्यानंतर परजातीच्या हातचे पाणी त्यांनी निःशंकपणे घेतले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. शोमरोनी स्त्रीच्या विहिरीची कथा येथे उलट बाजूने घडलेली दिसते. हा बुद्धीचा निर्णय होता की देवभेट, असे विचारले असता लक्ष्मीबाईंनी बहुधा हसून विषय बदलला असता.

रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई ही सर्व ब्राह्मण कुळांतून आलेली, लिहिणारी माणसे. त्यांच्या लेखनावरून काढलेले माप गोदाकाठच्या खेड्यांना लावता येईल काय? हा प्रश्न बीड जिल्ह्याच्या संदर्भात टाळता येत नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेस अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), जेथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते. उत्तरेस गोदावरी ओलांडली की जालना, जेथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. शेषाद्री ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झालेले. बेथेलची वस्ती मुख्यतः मांग व महार कुटुंबांची. या भागातील धर्मांतर बहुतांशी व्यक्तीचे नव्हते. कुटुंब येई, भावकी येई, कधी सारा वाडा येई. अशा सामुदायिक धर्मांतरांची पाहणी जे. वॅस्कम पिकेट यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. तेथे जो प्रश्न पुढे आला तो हाच की, ज्यांनी गटाने बाप्तिस्मा घेतला त्यांना व्यक्तिगत श्रद्धा असते काय. हेतू संमिश्र होते हे पिकेट यांनी नाकारले नाही. परंतु आरंभीचा हेतू कसाही असला तरी पुढील शिक्षण व उपासना यांनी जीवन घडते, असा त्यांचा कल होता.

रमाबाईंच्या उदाहरणाने या प्रश्नाला अनपेक्षित उजेड मिळतो. त्यांचाही बाप्तिस्मा आधी आणि भेट नंतर. मग महारवाड्यातील ज्या माणसाने माणूस म्हणून उभे राहता यावे एवढ्याच आशेने बाप्तिस्मा घेतला, त्याच्याकडून दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडाव्यात अशी अपेक्षा का करावी? शिवाय, ज्याला देवळाच्या पायरीपलीकडे येऊ दिले जात नव्हते त्याला देव आपल्याशी नावाने बोलतो असे वाटणे आणि आपण माणूस आहोत असे वाटणे, या दोन घटना मुळात वेगळ्या काढता येतात का, हीच शंका आहे. उच्चवर्णीयांच्या आत्मकथनात देवभेट जात सोडावयास लावते. येथे ती जातीने हिरावलेले परत देते. अनुभवाची दिशा उलटी, म्हणून त्याची भाषाही उलटी. रमाबाई पापाविषयी बोलतात, खेड्यातील साक्षीत सुटकेवर भर असतो.

या परतफेडीला किंमतही पडली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने त्या जातींचे संरक्षण हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये ते शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाले, ख्रिस्ती झालेल्यांना ते अद्याप नाही. तेव्हा मराठवाड्यातील दलित कुटुंबातील जो माणूस आपला धर्म कागदोपत्री ख्रिस्ती असा नोंदवितो, तो शिष्यवृत्तीवरचा आणि राखीव जागेवरचा हक्क सोडून तसे करतो. श्रद्धा मनात एक आणि दाखल्यावर एक, अशी विभागणी त्यामुळे पुष्कळ ठिकाणी होते. तिला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे; म्हणणाऱ्याला ती निवड करावी लागलेली नसते.

अशा गावांतील देवभेट लिखित आत्मचरित्रांत सापडत नाही. अहमदनगरास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, पुढे टिळकांच्या भजनांनी टाळमृदंगाला नवे शब्द दिले, आणि या दोहोंच्या आधाराने 'साक्ष' देण्याची प्रथा खेडोपाडी स्थिरावली. उपासनेत एखादा शेतमजूर किंवा म्हातारी उठते आणि देवाने आपल्याशी काय केले ते चार वाक्यांत सांगते. 'साक्ष' हा शब्द कचेरीतला, 'साक्षात्कार' हा मठातला. व्युत्पत्ती दोहोंची एकच, डोळ्यांसमोर असणे ही. फरक एवढाच की साक्षात्काराला श्रोता लागत नाही, साक्षीला लागतो, आणि खेड्यातील श्रोता साक्षीदाराला लहानपणापासून ओळखत असतो. दारू सुटली म्हणून जो सांगतो त्याची बायको पुढच्याच रांगेत बसलेली असते. भावाशी समेट झाला म्हणून जो सांगतो त्याच्या बांधाचा तंटा मिटला की नाही, हे सभेतील निम्म्या लोकांना ठाऊक असते.